आमच्या घरात दोन टर्नटेबल का आहेत

गिरगावातील आत्याची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा तिच्या खोलीच्या माळ्यावरून तीन गोष्टी खाली उतरल्या. पहिली म्हणजे लाकडी पेटीतला एक जुना रेकॉर्ड प्लेअर, दुसरी म्हणजे बेचाळीस एलपींचे खोके आणि तिसरी म्हणजे वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून ठेवलेल्या सत्तावीस जड, काळ्या तबकड्या. आत्या इतकेच म्हणाली, "घेऊन जा गं, पण भंगारात घालू नकोस. नकोसे झाले तर मला सांग, मी येऊन घेऊन जाईन." गोरेगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात हे सामान आले, आणि त्यानंतरचे आठ महिने मी टर्नटेबल या विषयावर जे शिकले ते इथे सविस्तर लिहून ठेवत आहे. कमी पैशांत चांगले टर्नटेबल कोणते, असा प्रश्न मला आता ओळखीचे लोक विचारू लागले आहेत. त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो : तुमच्या घरात तबकड्या कोणत्या आहेत?

हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नाही आणि त्याची किंमत मोजली. घाईघाईने मी सूटकेससारखा दिसणारा, आतच स्पीकर असलेला एक स्वस्त प्लेअर ऑनलाइन मागवला. तो मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेऱ्या या तिन्ही वेगांवर चालत होता आणि सगळ्या प्रकारच्या तबकड्या वाजवतो असे खोक्यावर छापलेले होते. किशोरी आमोणकरांच्या भूपाची एलपी त्यावर लावली. विलंबित सुरळीत गेले, पण तबला जोरात आला तशी सुई खाचेतून उडून पुढे जाऊ लागली. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणून सुईचा भार मोजला, तेव्हा तो पाच ग्रॅमच्या वर भरला. आजच्या साध्या चुंबकीय कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या आणि तिच्या थरथरीचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाला, दोन ते तीन ग्रॅम पुरतात. इतका भार देऊनही सुई उडत होती, कारण आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, हलका व सैल होता आणि स्पीकरची थरथर थेट त्याच पेटीतून सुईपर्यंत पोहोचत होती. मी तो प्लेअर दोन दिवसांत परत केला.

त्यानंतर मी तबकड्यांकडे नीट पाहिले. एलपी ही विनाइलची असते. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये ती बाजारात आणली, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर वादन हे तिचे वैशिष्ट्य. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. त्याआधीचा सगळा जमाना ७८ फेऱ्यांचा होता आणि त्या तबकड्या लाखेच्या असत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे आपल्याकडच्या गवयांना तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवावा लागे. आपल्याकडे साठच्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या, म्हणून मराठी घरांच्या माळ्यांवर दोन्ही प्रकार एकाच खोक्यात सापडतात आणि इथेच घोटाळा होतो. दोन्हींच्या खाचा वेगळ्या मापाच्या असतात. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, तर ७८ च्या सुईची साधारण ७५ मायक्रॉन असते. एलपीची सुई ७८ वर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी, जिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि झीज साचलेली असते तिथे घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. ७८ ची सुई एलपीवर ठेवली तर ती एलपी कायमची बिघडते.

तबकडी कशाची आहे हे ओळखण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो धुण्याच्या वेळी. पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून एलपी पुसावी असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि एलपीपुरता तो ठीक आहे. पण लाखेची तबकडी अल्कोहोलने पुसायची नाही, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. आपल्याकडचे सुतार फर्निचरला जे पॉलिश लावतात, ते चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तयार करतात. तेच स्पिरिट ७८ वर फिरवले की खाचा विरघळू लागतात. मी या तबकड्या कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, मऊ ब्रशने, खाचेच्या दिशेने धुतल्या आणि मधले कागदी लेबल भिजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचे झाकण दाबून धरले. पहिल्या तबकडीचे पाणी चहासारखे झाले होते. अशा धुण्याने कोणती तबकडी गाऊ लागेल आणि कोणती मुकीच राहील याचा अंदाज आधी येत नाही. माझ्या सत्तावीसपैकी चार कायमच्या गेल्या आहेत, बाकी ऐकण्यासारख्या आहेत.

आता नव्या यंत्राविषयी. माझ्या मते स्वस्त टर्नटेबल घेताना तीन गोष्टींवर तडजोड करू नये. सुई हिऱ्याची आणि बदलता येणारी असावी, सुईचा भार साडेतीन ग्रॅमच्या वर नसावा, आणि स्पीकर वेगळे असावेत. तबकडी जिच्यावर फिरते ती थाळी काचेची आहे की ॲल्युमिनियमची, वायर सोनेरी आहेत की साध्या, यांचा विचार नंतर केला तरी चालतो. बेल्टवर चालणारे चांगले की थेट मोटरवर चालणारे, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आले आणि थेट मोटरवर चालणाऱ्या टर्नटेबलांमध्ये आजही त्याला मान आहे. पण परवडणाऱ्या किमतीत मोटर कोणती यापेक्षा सुई कोणती यानेच अधिक फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्यापुढे शेवटी दोन नावे उरली, दोन्ही ऑडिओ-टेक्निका या कंपनीची. एलपी१२०एक्समध्ये भार कमीजास्त करता येतो, कार्ट्रिज बदलता येते आणि तिन्ही वेग मिळतात. एलपी६०एक्स हे त्याहून बरेच स्वस्त, ३३ आणि ४५ या दोनच वेगांवर चालणारे आणि पूर्ण स्वयंचलित यंत्र आहे : बटण दाबले की आर्म स्वतः उठतो, तबकडीच्या सुरुवातीला जाऊन टेकतो आणि बाजू संपली की आपल्या जागी परत येतो. त्यात भार ठरलेला असतो आणि कार्ट्रिज बदलता येत नाही, फक्त सुई बदलता येते, म्हणून जाणकार त्याची शिफारस करायला कचरतात. मी तेच घेतले. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिचे हात थरथरतात आणि दुपारी घरात ती एकटी असते. ज्या यंत्राला हात लावायला घरातले माणूस घाबरते, ते कितीही उत्तम असले तरी आमच्या उपयोगाचे नव्हते. आई आता दुपारचा चहा झाला की स्वतः एलपी लावते. तबकडी कडेने धरायची, बोटे खाचांवर टेकवायची नाहीत, हे तिने मला लहानपणी शिकवले होते, त्यामुळे तिला ते सांगावे लागले नाही.

जोडणीबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण इथेच अडतात. चुंबकीय कार्ट्रिजमधून निघणारा संकेत काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर मुद्दाम उचललेले असतात. तसे केले नाही तर खर्जाच्या मोठ्या हेलकाव्यांनी खाच रुंद होऊन एलपीत इतका वेळ मावलाच नसता. वाजवताना हे सगळे उलटे करून मूळ स्वर परत मिळवावे लागतात आणि त्यासाठी १९५४ पासून आरआयएए नावाचा एकच ठरलेला नियम वापरला जातो. हे काम फोनो प्रीअँप करतो. एलपी६०एक्समध्ये तो आतच आहे आणि मागच्या बटणाने बंदही करता येतो. अँप्लिफायरलाही 'फोनो' असे लिहिलेली जागा असेल तर दोन्हींपैकी एकच वापरावा, नाहीतर आवाज फाटतो.

परदेशातून टर्नटेबल आणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मुलाने अमेरिकेहून एक सुंदर जुने यंत्र आणले. तिथे १२० व्होल्ट असतात, म्हणून त्यांनी ट्रान्सफॉर्मर लावला आणि आता सगळे जमले असे त्यांना वाटले. पण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टवर नाही, हर्ट्झवर ठरतो, आणि ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे ३३⅓ ऐवजी ती थाळी मिनिटाला २७.८ फेऱ्या घेत होती. गाण्याच्या भाषेत सांगायचे तर षड्ज घसरून जवळजवळ खालच्या शुद्ध धैवतावर जाऊन बसला. काळी तीनमध्ये गाणारी गायिका काळी दोनमध्ये, जड आणि आळसावलेल्या आवाजात गाऊ लागली. मोटरवरची पुली ५० हर्ट्झच्या मापाची बसवली तेव्हा ते यंत्र मार्गी लागले.

जुने यंत्र विकत घ्यायचे असेल तर मुंबईत पावले आपोआप चोरबाजाराकडे वळतात. मटण स्ट्रीटवर शुक्रवारी जाऊ नये, त्या दिवशी बाजार बंद असतो. पितळी कर्णा लावलेले आणि कुत्र्याचे चित्र चिकटवलेले चावीचे ग्रामोफोन तिथे ओळीने मांडलेले दिसतात. त्यांतले बरेचसे नवे भाग जोडून जुने भासवलेले असतात. दिवाणखान्यात ठेवण्यासाठी कोणी ते घेत असेल तर माझे काही म्हणणे नाही, पण त्यावर एलपी कधीही लावू नये. त्यांच्या पोलादी पिनेवर शंभर ग्रॅमच्या आसपास वजन असते. विजेवर चालणारे जुने टर्नटेबल पाहताना मी तीन गोष्टी करते. थाळी हाताने फिरवून सोडते आणि ती गुळगुळीत थांबते की अडखळत थांबते हे पाहते. आर्म दोन बोटांत धरून त्याच्या खुंट्यात खिळखिळेपणा आहे का हे अजमावते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कार्ट्रिज दोन स्क्रूंवर बसवलेले आहे का आणि त्या स्क्रूंमधले अंतर अर्धा इंच आहे का हे मोजते. ते असेल तर आजचे कोणतेही साधे कार्ट्रिज तिथे बसू शकते आणि यंत्राला दुसरे आयुष्य मिळते. नसेल तर मग शोधाशोध अटळ आहे.

आत्याच्या प्लेअरच्या वाट्याला ती शोधाशोध आली. तो चालू केला तेव्हा थाळी कण्हत फिरली, पण आवाज काहीच आला नाही. खालची क्लिप काढून थाळी उचलली, तेव्हा आतली रचना पहिल्यांदा दिसली. मोटरच्या दांड्यावर पितळेची चार पायऱ्यांची पुली होती, १६, ३३, ४५ आणि ७८ अशा चार वेगांसाठी, त्यात ७८ ची पायरी सर्वांत जाड. पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये रबरी कडेचे एक छोटे चाक होते. वेगाची कळ फिरवली की ते चाक पायरी बदलते, इतकी साधी आणि समोर दिसणारी रचना. चाकाचे रबर काचेसारखे टणक आणि चकचकीत झाले होते. ग्रीसचा मेणासारखा थर जमला होता. तो सगळा खरवडून काढला, मोटरच्या दोन्ही टोकांना शिलाई मशिनच्या तेलाचे दोन-दोन थेंब दिले, चाकाची कड बारीक पॉलिश पेपरने हलकेच खडबडीत केली आणि तेलाचा अंशही राहू नये म्हणून स्पिरिटने पुसली.

आवाज न येण्याचे कारण मला एका निवृत्त रेडिओ मेकॅनिककाकांनी सांगितले. त्या काळातील अनेक कार्ट्रिजांमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे, आणि तो दमट हवेत निकामी होतो. समुद्राकाठच्या गिरगावात माळ्यावर चाळीस पावसाळे काढलेल्या स्फटिकाकडून आणखी काय अपेक्षा करणार? सिरॅमिकच्या कार्ट्रिजला दमटपणाचा असा त्रास होत नाही. तसे एक कार्ट्रिज लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तिसऱ्या फेरीत मिळाले. त्याला एक चिमुकली कळ आहे, ती एका बाजूला वळवली की एलपीची सुई खाली येते आणि दुसऱ्या बाजूला वळवली की ७८ ची. मी ती कळ ७८ वर ठेवली आणि चुकूनही फिरू नये म्हणून तिथेच चिकटवून टाकली. हा आर्म जड आहे, एलपीचे त्यावर कल्याण नाही. ७८ साठी मात्र तो बांधलेलाच आहे.

काकांनी दुसरी गोष्ट बजावून सांगितली, ती मीही बजावून सांगते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, काही स्वस्त प्लेअरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसे आणि घरातील वीज थेट आतल्या पत्र्यावर खेळत असे. अशा यंत्राला नव्या अँप्लिफायरची वायर जोडणे जिवावर बेतू शकते. आमचा प्लेअर त्यातलाच निघाला. म्हणून त्यातला अँप्लिफायर काकांनी विजेपासून पूर्ण तोडला, पण पेटीतून काढला नाही. व्हॉल्व्ह आहेत तिथेच आहेत. मोटरसाठी अर्थिंग असलेली नवी तीन तारांची वायर घातली आणि कार्ट्रिजचा संकेत स्वतंत्रपणे बाहेर आणला. हा संकेत नव्या अँप्लिफायरच्या 'ऑक्स' या साध्या जोडणीला थेट जोडला तेव्हा बालगंधर्व पत्र्याच्या डब्यातून गात आहेत असे वाटले. सिरॅमिक कार्ट्रिजला पुढे दहा लाख ओहमच्या आसपास रोध लागतो, तो मिळाला नाही की खर्ज गळून पडतो. टीएल०७२ ही साधी आयसी आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर काकांनी काडेपेटीएवढे एक सर्किट बनवून दिले आणि खर्ज परत आला. कार्ट्रिज स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनेलचे आहे, पण ७८ ची तबकडी मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची. दोन्ही चॅनेल एकत्र जोडले की सुईच्या खालीवर होण्यातून येणारी खरखर बरीचशी एकमेकींना मारते आणि गाणे उरते.

जुन्या रेडिओग्रामचे, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या कपाटाचे, पोट रिकामे करून त्यात बाटल्या किंवा चपला ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. सागवानी लाकूड वाचते, हे खरे आहे. पण काढून टाकलेला आर्म आणि मोटर कचऱ्यात जाताना पाहून मला फार वाईट वाटते, कारण ते भाग आता कोणी बनवत नाही आणि त्यांच्याशिवाय त्या घरांतल्या ७८ च्या तबकड्याही बहुधा मुक्या होतात. जुन्या यंत्राला नवे काम द्यायचेच असेल तर त्याला जे उत्तम येते ते एकच काम द्यावे आणि बाकीचे नव्यावर सोपवावे, असे मला वाटते. आमच्याकडे एलपी आईच्या टर्नटेबलवर आणि ७८ आत्याच्या पेटीवर, अशी वाटणी झाली ती यातूनच.

शेवटचे काम वेगाचे होते. कागदावर छापलेली स्ट्रोब चकती थाळीवर ठेवायची. ५० हर्ट्झच्या विजेवर ७८ च्या वेगासाठी तिच्यावर ७७ रेघा असतात. दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात. घरातल्या एलईडी दिव्यांखाली काहीच दिसेना. आमच्या जिन्यात अजून चोकवाली जुनी ट्यूबलाइट आहे, म्हणून एक्स्टेंशनची वायर लांबवून मी प्लेअर दाराबाहेर स्टुलावर मांडला. रेघा मागे सरकत होत्या, म्हणजे वेग कमी होता. पुलीच्या जाड पायरीला पातळ टेपचे दोन वेढे दिले आणि रेघा थांबल्या.

दोन आठवड्यांनी आत्या आली. तिने तिची हार्मोनियमही आणली होती, कारण याच तबकड्यांबरोबर ती तरुणपणी साथ करत बसायची. पहिली तबकडी लागली. आत्याने भाता हलवला, एक सूर दाबला, पुन्हा दाबला आणि म्हणाली, "चढी लागतेय गं. माझ्या पट्टीत नाही." मी म्हटले, मोजून पाहिले आहे आत्या. तिने मान हलवली आणि पुन्हा तोच सूर धरला. आम्ही प्लेअर उचलून जिन्यात नेला. रेघा सावकाश, पण स्पष्टपणे पुढे सरकत होत्या. दोन आठवडे रोज फिरून मोटर मोकळी झाली होती आणि रबराची पकड सुधारली होती. मी थाळी काढली, चिमट्याने टेपचे दोन्ही वेढे सोडवले, पितळ पुसले आणि थाळी परत बसवली. रेघा उभ्या राहिल्या. आत्या दारातूनच म्हणाली, "आता आत आण, आणि पहिल्यापासून लाव."